सायकलचा टायर : रुंद की अरुंद?

रविवारी भल्या पहाटे ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मानकोली किंवा पडघ्याच्या आसपास, दोन जातींच्या सायकली एकमेकींना ओलांडून जाताना दिसतात. एक असते रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराची. काळी, उंच, जाड टायरची, मागे कॅरियरला डबा बांधलेला. दुसरी असते ठाण्या-मुंबईकडच्या हौशी स्वाराची. हलकी, वाकड्या मुठींची, आणि टायर जेमतेम अंगठ्याएवढा रुंद. पहिली सावकाश जाते, दुसरी सुळकन निघून जाते. पाहणारा मनाशी हिशेब करून मोकळा होतो : टायर बारीक, म्हणून सायकल पळते.

हा हिशेब बरोबर नाही. ती सायकल पळते त्याची कारणे वेगळी आहेत. ती वजनाला हलकी आहे, स्वार वाकून बसल्यामुळे त्याला वारा कमी अडवतो, गिअर बदलता येतात, आणि स्वाराने रात्रभर उभ्याने माग चालवलेला नाही! टायरचा बारीकपणा या यादीत बसत नाही. उलट भिवंडीसारख्या गावाच्या रस्त्यांवर तो बारीकपणा पुष्कळदा त्या स्वाराचा वेग खातच असतो. तरीही नवी सायकल घ्यायला गेलेला तरुण दुकानात टायर बोटाने दाबून पाहतो आणि जो सगळ्यांत अरुंद, सगळ्यांत टणक, तोच शर्यतीचा म्हणून पसंत करतो. त्यापायी पैसे जातात, पंक्चरे होतात, मनगटे दुखतात. आणि कंटेनरच्या शेजारून जाताना खड्डा चुकवायला हँडल वळवावे लागते, ते तर जिवावरच बेतायचे. तेव्हा टायरच्या रुंदीचा हा प्रश्न जरा मुळापासून पाहू या.

सायकल सपाट रस्त्यावर एकसारखी चालवायची तर मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते. एक वारा आणि दुसरी टायरची ओढ. साखळीचे आणि बेअरिंगचे घर्षण असते, पण ते थोडे. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन धरा. साध्या जाडसर टायरवर, बऱ्या डांबरी रस्त्यावर, हे सगळे पुढे न्यायला टायरची ओढ सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतकी असते. जणू कोणी मागून दोरी बांधून तेवढ्या जोराने सतत ओढतो आहे. उत्तम टायर असेल तर हीच ओढ ४०० ते ५०० ग्रॅमवर येते. वाऱ्याची तऱ्हा निराळी. ताशी १५ किलोमीटर वेगाने ताठ बसून जाणाऱ्याला वारा सुमारे अर्धा किलो मागे ओढतो. वेग दुप्पट केला की ही ओढ चौपट, म्हणजे दोन किलो होते. टायरची ओढ मात्र वेग वाढला म्हणून फारशी वाढत नाही.

यातून एक गंमतीची गोष्ट निघते. जोरात जाणाऱ्या शर्यतवाल्याच्या श्रमांत टायरचा वाटा लहान आणि वाऱ्याचा मोठा. सावकाश जाणाऱ्याच्या, ओझे घेऊन जाणाऱ्याच्या श्रमांत टायरचाच वाटा मोठा. म्हणजे चांगल्या टायरची गरज कोणाला जास्त? तर त्या डबा बांधलेल्या सायकलवाल्याला! दुकानातला व्यवहार नेमका उलटा चालतो. हौशी माणसाला उत्तम टायर, आणि रोज कामावर जाणाऱ्याला जो स्वस्त आणि जाड तो.

आता ही ओढ येते कुठून? रबराचा चेंडू हातातून सोडला तर तो उसळून पुन्हा हातापर्यंत येत नाही, थोडा खालीच राहतो. दाबताना रबराने जेवढी शक्ती घेतली तेवढी परत दिली नाही. काही तिथेच उष्णता होऊन गेली. टायरचे हेच होते. जमिनीला टेकलेला भाग वजनाखाली चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. चाकाच्या दर फेऱ्यात टायरचा इंच न् इंच एकदा वाकतो, एकदा सरळ होतो, आणि दर वेळी थोडी शक्ती खातो. टायर जितका खोल चेपला जाईल आणि त्याचे अंग जितके जाड नि ताठ असेल, तितकी ही खाई मोठी.

इथे रुंदीचा संबंध येतो. हे घरी करून पाहता येईल. टायरचा तळ ओला करा, खाली जुने वर्तमानपत्र पसरा, सायकल त्यावर धरून बसा आणि मग उठून कागदावरचा ओला ठसा पाहा. मागच्या चाकावर १०० पौंड भार असेल आणि टायरमध्ये दर चौरस इंचाला १०० पौंड हवा असेल, तर ठसा सुमारे एक चौरस इंच उमटतो. हवा ५० पौंड केली तर दोन चौरस इंच. टायर रुंद आहे की अरुंद यावर ठशाचे क्षेत्रफळ फारसे अवलंबून नाही. पुष्कळांना वाटते, रुंद टायर जास्त घासतो. तसे नाही. हवा सारखी ठेवली तर क्षेत्रफळ सारखेच. फक्त आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा शेंगेसारखा लांबट, रुंद टायरचा बदामासारखा आखूड आणि पसरट. लांबट ठसा उमटवायला टायरला जास्त खोल चेपावे लागते. आखूड ठशात चेपणे कमी, बाजूंचे वाकणे कमी. म्हणून तेच रबर, तीच बनावट आणि तेवढीच हवा असेल, तर रुंद टायरची ओढ अरुंदापेक्षा कमी भरते. हे यंत्रावर वारंवार मोजले गेले आहे.

टायरचे अंग जाड नि ताठ असले तर शक्ती जास्त खाल्ली जाते, असे वर म्हटले. हे अंग म्हणजे काय? तर कापड! रबराखाली टायरला आकार देणारे, हवेचा सारा ताण सोसणारे जे अस्तर असते ते धाग्यांचे असते. एके काळी सुताचे होते, आता बहुधा नायलॉनचे. कापडाचे बरेवाईट भिवंडीला सांगायला नको. कापडाचा व्यापारी इंचात किती ताणे आणि किती बाणे हे विचारतो, तसा टायरचाही धागा इंचावर मोजतात. स्वस्त टायरमध्ये इंचाला पंचवीस-तीस जाडे धागे, मध्यम टायरमध्ये ६०, चांगल्यात १२०. सुती अस्तराच्या, हाताने केलेल्या महागड्या टायरांत ३०० च्या वरही. धागा बारीक आणि दाट असला की अस्तर पातळ होते, मलमलीसारखे सहज वाकते आणि शक्ती कमी खाते. जाड्या धाग्याचे अस्तर मांजरपाटासारखे. आणि हो, व्यापाऱ्याचा एक बारकावा. काही कारखाने एकावर एक असलेल्या तीन थरांचे धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात. एका थरात किती, हे विचारून घ्यावे.

मात्र टायरचे कापड मागावरच्या कापडासारखे विणलेले नसते. अगदी आरंभीच्या टायरांत साधे विणलेले जाड कापडच वापरीत. त्यात ताणा बाण्यावरून जातो आणि टायर दर फेऱ्याला वाकला की ते धागे एकमेकांवर घासतात. परिणामी शक्ती जाते, उष्णता होते आणि धागाच धाग्याला कापतो. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जॉन पामर या अमेरिकन माणसाने यावर तोड काढली. धागे विणायचेच नाहीत. सगळे एका दिशेला तिरपे, समांतर घालायचे, मध्ये रबर, आणि वरच्या थरात उलट दिशेला तिरपे. म्हणजे ताण सोसायला दोन्ही दिशांचे धागे आहेत, पण गाठ कोणाची कोणाशी नाही. ते टायर चटकन हलके चालू लागले. आजही सायकलचा टायर याच रीतीने बनतो. झिजलेला टायर फाडून पाहा, तिरप्या धाग्यांचे दोन थर हाताने सुटे होतील.

जाड टायर पळतो हे ऐकून हसू येत असेल, तर तसे हसणारे पूर्वीही होते. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. (हवेच्या चाकाचे पेटंट रॉबर्ट टॉमसन याने १८४५ सालीच घेतले होते, पण तेव्हा सायकलच नव्हती, मग विचारतो कोण?) डनलॉपने आधी अंगणात एक प्रयोग केला. भरीव टायरचे चाक आणि हवेची नळी बसवलेली लाकडी चकती, दोन्ही सारख्याच जोराने घरंगळत सोडली. भरीव चाक मध्येच थांबले. हवेचे अंगणापार गेले. पुढच्या वर्षी, १८८९ च्या मे महिन्यात, विली ह्यूम हा स्वार बेलफास्टच्या शर्यतीत ते गलेलठ्ठ टायर लावून उतरला. बाकीच्यांच्या चाकांना कडक, अरुंद, भरीव रबर होते. लोक त्याच्या चाकांना हसले आणि ह्यूमने शर्यती जिंकल्या. मऊ चाक कडक चाकाला हरवते हे सायकलच्या इतिहासात इतक्या लवकर सिद्ध झाले होते.

मग अरुंद टायरचे खूळ आले कुठून? ते अगदीच निराधार नव्हते. हवेने टायरच्या धाग्यावर जो ताण येतो तो हवेचा दाब आणि टायरची जाडी या दोहोंच्या गुणाकाराने ठरतो. २५ मिलिमीटर टायरमध्ये १०० पौंड हवा भरली तर धाग्याला जेवढा ताण, तेवढाच ताण ५० मिलिमीटर टायरला ५० पौंडांत बसतो. म्हणून रुंद टायरमध्ये अरुंदाइतकी हवा भरता येत नाही. भरली तर टायर रिंगवरून उडेल. हवा कमी करावी लागते, आणि हवा कमी की चेपणे जास्त. त्यामुळे गुळगुळीत पोलादी रुळावर फिरवून मोजले, तर आपापल्या योग्य हवेत दोघेही जवळजवळ बरोबरीत सुटतात. त्यात जुने रुंद टायर जाड रबराचे, जाड्या धाग्याचे असत. उत्तम कापड शर्यतीच्या अरुंद टायरांनाच मिळे. गुण कापडाचा होता, त्याचे श्रेय अरुंदपणाला मिळाले.

पण पोलादी रूळ म्हणजे रस्ता नव्हे. खरी मेख इथे आहे.

खरखरीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर वर उडतो आणि त्याबरोबर सायकल, हँडल, बैठक आणि तुम्ही, सगळे हादरता. हा हादरा फुकट येत नाही. तुमच्या शरीराचे मांस, पोट, दंड हे हिसके जिरवतात, आणि ते जिरवण्यात जी शक्ती जाते ती तुम्हीच पायडलवर घातलेली असते. टायर मऊ असेल तर खडा टायरच्या पोटात दबतो. चाक वर उडत नाही, सायकल आपली पुढे जाते. रुळावर टायर फिरवून मोजणाऱ्यांना हा खर्च दिसलाच नाही, कारण त्या यंत्रावर माणूस बसलेला नव्हता. अमेरिकेत सिएटलच्या यान हाइने आणि त्यांच्या सोबत्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर स्वार बसवून, पायडलवरचा जोर मोजून चाचण्या केल्या. हमरस्त्याच्या कडेला गाडीवाल्यांना जाग आणण्यासाठी कोरलेल्या खडबडीत पट्ट्यांवरूनही त्यांनी सायकली नेल्या. गुळगुळीत डांबरावर हवा वाढवून फारसा फायदा दिसेना, आणि खडबडीत पट्ट्यांवर तर टणक टायर भलताच महाग पडला. आपल्याकडे वळणाआधी, फाट्याआधी रस्त्यावर ज्या जाड पांढऱ्या पट्ट्यांची रांग असते, तिच्यावरून एकदा १०० पौंड हवेने आणि एकदा ६० पौंड हवेने जाऊन पाहा. आकडेमोडीची गरज उरणार नाही.

मग टणक टायर जलद का वाटतो? कारण आपण थरथरीलाच वेग समजतो. वेग वाढला की सायकल जास्त थरथरते, हा लहानपणापासूनचा अनुभव. टणक टायर कमी वेगातही तशीच थरथर देतो आणि मनाला वाटते, काय पळतो आहे! रुंद, मऊ टायर शांतपणे जातो म्हणून मंद वाटतो. घड्याळ लावल्याशिवाय हा भ्रम जात नाही.

धंदेवाईक स्वारांचाही तो बराच काळ गेला नव्हता. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत २०१० च्या सुमारापर्यंत २३ मिलिमीटर टायर हाच रिवाज होता. मग काही वर्षांत २५ आले, आणि २०२० नंतर २८ सर्रास झाले. काही जण ३० वापरतात. हे लोक आरामासाठी टायर बदलणारे नव्हेत; सेकंदाच्या हिशेबाने जगणारे आहेत. उत्तर फ्रान्समधली पॅरिस–रूबे ही १८९६ साली सुरू झालेली शर्यत तर पन्नासहून अधिक किलोमीटर दगडी फरसबंदीवरून जाते. तिथे आता ३० ते ३२ आणि त्याहूनही रुंद टायर लावतात. गुळगुळीत लाकडी धावपट्टीवर, छपराखाली, ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्यांनी खुशाल अरुंद आणि टणक टायर लावावा. तिथे खडा नाही आणि वारा हाच शत्रू आहे.

भिवंडीत लाकडी धावपट्टी नाही! इथे आहे काँक्रीटच्या सांध्यांची टकटक, मग बसवून सुटलेले ठोकळे, मग डांबर, मग डांबरावर डांबराची ठिगळे, आणि पूर्णा, राहनाळ, दापोडे या गोदामांच्या पट्ट्यात अवजड गाड्यांनी केलेली चाकोरी. वाड्याकडे जाणारा रस्ता तर खड्ड्यांपायी वर्तमानपत्रांतून गाजलेला. अशा रस्त्यावर २३ मिलिमीटरचा टायर घेऊन निघणाऱ्याची नजर सारखी चाकापुढच्या हातभर जमिनीवर असते. मागून कंटेनर येतो आहे याचे भान कमी, आणि खड्डा दिसला की हात आपोआप उजवीकडे वळतो. रुंद टायरवाला लहान खड्डा सरळ घेऊ शकतो, आपली रेघ सोडत नाही. मला विचाराल तर रुंदीच्या बाजूचे हे कारण ओढीच्या सगळ्या आकड्यांहून वजनदार आहे.

मग किती रुंद घ्यावा? वाकड्या मुठींची शर्यतीची सायकल असेल आणि वज्रेश्वरी, गणेशपुरी, शहापूर अशा फेऱ्या मारायच्या असतील, तर २८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. जागा असल्यास ३२ घ्यावा. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या वेळ-मर्यादेच्या सवाऱ्या हल्ली पुष्कळ जण करतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास मिळतात. तिथे ३२ तर हवाच. शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये हात-पाय किती ताजे राहिले त्यावर वेळ ठरतो. अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने पुरी केली. तेव्हापासून लांब पल्ल्याची हौस आपल्याकडे बरीच बोलली जाते. रोज कामावर जायला ३५ ते ४० उत्तम. रुंद टायरचे वजन जरा जास्त असते, कसारा घाटात ते जाणवेल ना, असे कोणी विचारील. दोन्ही टायर मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम वाढले, तर ८५ किलोंच्या डोंगरात ते काय? पाण्याची बाटली अर्धी कमी भरली की हिशेब फिटला.

मापाच्या आकड्यांत मात्र फसायला होते. जुन्या काळ्या सायकलवर २८ असे लिहिलेले असते, ते चाकाच्या उंचीचे इंच. शर्यतीच्या सायकलवर २८ म्हटले की ते रुंदीचे मिलिमीटर. दुकानात नुसता ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला तर भलतेच हातात पडायचे. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात, त्यांवर भरवसा ठेवावा. पहिला रुंदीचा, दुसरा रिंगवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २८-६२२ म्हणजे शर्यतीचा. ४०-६३५ म्हणजे आपल्या जुन्या काळ्या सायकलचा, ज्याला २८ गुणिले दीड म्हणतात. ३७-५९० म्हणजे २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही. पहिला आकडा आपल्याला बदलता येतो, पण सायकलीत जागा असेल तेवढाच. चिमट्यात, ब्रेकखाली आणि मागच्या दांड्यांमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. नाहीतर पावसाळ्यातला चिखल आणि अडकलेला खडा चाक धरून ठेवील. पुष्कळ जुन्या शर्यतीच्या सायकलींच्या ब्रेकखाली २५ किंवा २८ च्या वर जातच नाही. म्हणून नवी सायकल घेतानाच दुकानदाराला विचारावे, हिच्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? रंग नंतर पाहावा.

टायर रुंद घेतला आणि हवा जुन्याच मापाने ठासली तर सगळे मुसळ केरात. सत्तर किलोंच्या स्वाराने साधारणपणे २५ च्या टायरमध्ये ८० ते ८५ पौंड, २८ मध्ये ६५ ते ७०, ३२ मध्ये ५० ते ५५, आणि ३८ च्या आसपासच्या टायरमध्ये ४० ते ४५ पौंड हवेपासून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी, कमी असेल तर उतरवावी. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून पुढच्या चाकात पाच-सात पौंड कमी. फारच कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिंगेत चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अशी भोके दिसली की हवा वाढवावी, किंवा त्याहून बरे, पुढच्या वेळी टायरच एक माप रुंद घ्यावा. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. ६० आणि ९० यांतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. मोजमापाचा काटा असलेला पंप घरी असावा. हमरस्त्यावरच्या ट्रकच्या हवेने सायकलचा टायर भरताना तर फार जपावे. या टायरचे पोट लहान, दोन सेकंदांत फुगून फुटतो.

आणि ती काळी सायकल? तिचा टायर ४० मिलिमीटरचा, म्हणजे रुंदी अगदी योग्य. तिची ओढ जास्त असते ती रुंदीमुळे नाही; जाडे रबर, जाडा धागा आणि महिनोन् महिने न पाहिलेली हवा यांमुळे. वॉल्वची रबरी नळी जुनी झाली की हवा हळूहळू जाते आणि टायर निम्म्या हवेवर चालत राहतो. एक किलोमीटरमध्ये कळत नाही, पण रोजच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये मांड्यांना कळते. ती नळी काही रुपयांत बदलून मिळते. आठवड्याला एकदा हवा पाहिली आणि टायर बदलताना बाजूची कूस हाताने सहज दुमडेल असा, माथ्यावर खोल नक्षी नसलेला टायर निवडला, तर ओढीत फरक पडेल. डांबरावर सायकलला खोल नक्षीची गरज नसते. मोटारीसारखे पाण्यावर तरंगायला सायकलचा वेग पुरत नाही, आणि नक्षीचे उंच ठोकळे नुसते वळवळून शक्ती खातात.

हे सगळे पडताळून पाहायचे तर डनलॉपचा अंगणातला प्रयोग तुम्हीही करू शकता. गणेशपुरीकडच्या आतल्या रस्त्यावर पहाटे वारा पडलेला असताना एखादा सौम्य उतार गाठा. उड्डाणपुलावर हा उद्योग करू नका. एका खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडा, तीच बैठक, तेच कपडे, आणि सपाटीवर कुठे थांबते तिथे खूण करा. हवा दहा पौंडांनी कमी-जास्त करीत प्रत्येक वेळी तीन-तीनदा सोडा. रस्ता खरखरीत असेल तर सगळ्यांत लांब जाणारी हवा तुमच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघेल. तो आकडा लिहून ठेवा, तो तुमच्या वजनाचा आणि तुमच्या रस्त्याचा आहे.

पावसाळा संपला की टायर उलटून आतून हात फिरवावा. काचेचे कण, तारेचे तुकडे रबरात रुतून बसलेले असतात आणि ते दोन-दोन महिन्यांनी पंक्चर करतात. मागचा टायर आधी झिजतो. तो टाकायची वेळ आली की पुढचा मागे घ्यावा आणि नवा पुढे बसवावा, कारण पुढचा टायर अचानक बसला तर सायकल सावरत नाही.